संगणक संथ झालाय की म्हातारा?

"थांबा मामा, कॉम्प्युटर हँग झालाय."

सातबारा, उत्पन्नाचा दाखला किंवा एखाद्या योजनेचा अर्ज घेऊन सेवा केंद्राच्या रांगेत उभे राहिलेल्यांना हे वाक्य नवे नाही. परभणी जिल्ह्याच्या नऊही तालुक्यांत ते ऐकू येते. शाळेच्या संगणक कक्षात, पतसंस्थेच्या खिडकीवर, दवाखान्यातल्या नोंदणीच्या टेबलावर आणि घरच्या कोपऱ्यातल्या डेस्कटॉपसमोरही ते उच्चारले जाते. मामा थांबतात, रांग वाढते आणि शेवटी कोणीतरी निदान करून टाकतो, 'जुना झालाय, आता नवाच घ्यावा लागेल.'

या निदानाला १४ ऑक्टोबर २०२५ पासून आणखी एक आधार मिळाला. जुलै २०१५ मध्ये बाजारात आलेल्या विंडोज १० या प्रणालीचा मोफत सुरक्षा-पुरवठा मायक्रोसॉफ्टने त्या दिवशी थांबवला. तिची जागा घेणारी विंडोज ११ जुन्या यंत्रांना आत घेत नाही. त्यामुळे जगभरात सुमारे २४ कोटी संगणक भंगाराच्या वाटेला लागू शकतात, असा अंदाज कॅनालिस या बाजार-अभ्यास संस्थेने २०२३ च्या अखेरीस मांडला होता.

यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले गेले आहेत. संगणक संथ का चालतो, हा पहिला. तो सुरक्षित आहे का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर बहुतेक वेळा एखाद्या सुट्या भागात सापडते आणि ते स्वस्त असते. दुसऱ्याचे उत्तर त्या यंत्रावर कोणते काम चालते यावर ठरते. दोन्ही एकाच पारड्यात टाकले की दोन चुका होतात. दहा वर्षे चालू शकणारे यंत्र भंगारात जाते किंवा हजारो लोकांची कागदपत्रे हाताळणारे उघडे यंत्र 'चालतंय ना' म्हणून टेबलावर तसेच राहते.

नेमके कोण संथ आहे?

पहिली तपासणी फुकट असते. समोर पान उघडत नसेल तर अडथळा तीनपैकी एका जागी असतो: दूरचा सर्व्हर, मधले इंटरनेट किंवा टेबलावरचा संगणक. तेच पान मोबाइलवर, मोबाइलच्याच डेटावर उघडून पाहावे. तिथेही चाक फिरतच राहिले तर दोष सर्व्हरचा. मोबाइलच्या डेटावर उघडते पण केंद्राच्या वायफायवर उघडत नाही, तर दोष जोडणीचा. वायफायवर मोबाइल पळतो आणि शेजारचा संगणक रांगतो, तर मात्र यंत्राकडे वळावे. अर्जाच्या शेवटच्या तारखेला सगळा महाराष्ट्र एकाच संकेतस्थळावर येतो. त्या दिवशी नवाकोरा संगणकही मामांना लवकर घरी पाठवू शकत नाही.

यंत्राची तपासणीही अवघड नाही. रोजचे काम उघडे ठेवून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडतो. त्यात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क किती टक्के गुंतले आहेत ते दिसते. प्रोसेसर दहा-पंधरा टक्क्यांवर निवांत आणि डिस्क सतत शंभरावर, हे जुन्या डेस्कटॉपवर सर्वाधिक दिसणारे चित्र आहे. मेमरी नव्वदच्या पुढे चिकटून असेल तर रॅम कमी पडते. प्रोसेसरच सतत नव्वदच्या वर असेल तर तो खरोखर अशक्त आहे, तापतो आहे किंवा एखादा छुपा प्रोग्रॅम त्याला राबवतो आहे. त्याच खिडकीतल्या 'स्टार्टअप' यादीत संगणक सुरू होताना आपोआप जागे होणारे प्रोग्रॅम दिसतात. प्रिंटरचे मदतनीस, न मागता आलेले टूलबार, एकाच वेळी चालणारे दोन अँटिव्हायरस अशी गर्दी तिथे असते. ती बंद करायला पैसे लागत नाहीत.

परभणीकर स्वतःच सांगतात अशी एक जुनी गंमत आहे: 'बनी तो बनी, नहीं तो परभणी.' संगणक दुरुस्तीत हाच खाक्या चालतो आणि त्याचे नाव 'फॉरमॅट मारणे'. साठलेला कचरा जातो म्हणून चार-सहा आठवडे बरे वाटते. मूळ दोष डिस्कचा असेल तर तो परत येतो. दरम्यान पाच वर्षांचे फोटो, शाळेचे निकाल किंवा पतसंस्थेची जुनी पत्रके गेलेली असतात. म्हणून कोणत्याही दुरुस्तीची पहिली पायरी म्हणजे सगळ्या फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेणे. स्क्रू ड्रायव्हर त्यानंतर हातात घ्यायचा.

फिरती थाळी आणि शिपाई

डिस्क शंभर टक्के का दिसते? जुन्या डेस्कटॉपमधली हार्ड डिस्क हे चालते-फिरते यांत्रिक उपकरण आहे. आतली चकचकीत थाळी मिनिटाला ७,२०० फेरे घेते आणि एक बारीक दांडी तिच्यावर मागे-पुढे सरकून माहिती वाचते. एका फेरीला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवी ती जागा दांडीखाली यायला सरासरी चार मिलिसेकंद. दांडी सरकायला आणखी आठ-नऊ. एक तुकडा शोधायला असे बारा-तेरा मिलिसेकंद गेले तर सेकंदाला जेमतेम ऐंशी तुकडे हाती लागतात.

आजची प्रणाली सुरू होताना असे हजारो छोटे तुकडे मागते. अपडेट तपासणे, व्हायरस शोधणे, ब्राउझरची जुनी पाने काढणे ही सगळी मागणी एकाच दांडीकडे येते. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये एकच शिपाई असावा आणि दहा टेबलांवरून एकदम 'अमुक गावचे बासन आण' अशा हाका याव्यात, तशी तिची गत होते. शिपाई आळशी नसतो, त्याला चालत जावे लागते.

सॉलिड स्टेट ड्राइव्ह म्हणजेच एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते. माहिती विजेच्या रूपात चिपमध्ये असते आणि हवा तो तुकडा मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळात मिळतो. सेकंदाला ऐंशीच्या जागी हजारो तुकडे येतात. म्हणून दहा-बारा वर्षांच्या डेस्कटॉपमध्ये एवढा एकच भाग बदलला तरी पाच मिनिटांत सुरू होणारे यंत्र बहुधा अर्ध्या-पाऊण मिनिटात कामाला लागते. सलग वाचनाचा वेगही साधारण तिप्पट-चौपट होतो. मदरबोर्डवर साटा प्रकारची जुनी, कमी वेगाची जोडणी असेल तर वाढ थोडी कमी. तरीही खरा फायदा शोधण्याच्या वेळेत आहे आणि तो जुन्या जोडणीवरही पुरेपूर मिळतो. सेवा केंद्र, शाळा किंवा कार्यालयाला २४० ते ५०० जीबीची एसएसडी पुरते. जुनी हार्ड डिस्क निरोगी असेल तर फायली साठवायला आतच ठेवता येते. ती निरोगी आहे का, हे 'स्मार्ट' नावाच्या तिच्या अंतर्गत नोंदीतून कळते. खराब झालेल्या जागांचा आकडा वाढत असेल किंवा टकटक आवाज येत असेल, तर तिच्यावर काहीही महत्त्वाचे ठेवू नये.

टेबल केवढे आहे?

डिस्क हे कपाट असेल तर रॅम म्हणजे काम पसरायचे टेबल. टेबल भरले की प्रणाली काही कागद उचलून परत कपाटात ठेवते आणि लागले की पुन्हा काढते. कपाट संथ असेल तर ही ने-आण डोळ्यांना दिसते. खिडकी बदलताना पडदा पांढरा पडतो. विंडोज १० वर ब्राउझरचे पाच-सहा टॅब, पीडीएफ आणि स्कॅनर एकत्र चालवायला ४ जीबी अपुरी पडते. ८ जीबीवर बहुतेक कार्यालयीन काम सुखाने चालते, त्यापुढचा खर्च अशा कामात जाणवत नाही.

रॅम घेण्यापूर्वी मदरबोर्ड कोणत्या पिढीची रॅम स्वीकारतो ते पाहावे लागते. डीडीआर ३ च्या खाचेत डीडीआर ४ बसत नाही. प्रणाली ३२ बिटची असेल तर साधारण ४ जीबीच्या पुढची रॅम तिला वापरताच येत नाही. तिथे आधी ६४ बिटची प्रणाली घालावी लागते. त्यात २०२५ च्या अखेरीस एक नवी अडचण आली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी जगातला मेमरी चिपांचा पुरवठा मोठ्या प्रमाणावर आपल्याकडे ओढला आणि किरकोळ बाजारातले भाव चढले. मायक्रॉन कंपनीने तर 'क्रूशियल' या नावाने चालणारा किरकोळ ग्राहकांचा व्यवसायच बंद करत असल्याचे डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. अशा बाजारात रॅम आधी घेऊन ठेवण्यापेक्षा टास्क मॅनेजरचा आकडा पाहून गरज असेल तरच घेणे शहाणपणाचे. पैसे एकाच भागापुरते असतील आणि डिस्क फिरती असेल तर पहिला मान एसएसडीचा.

उन्हाळा, काळी माती आणि वीज

पुण्या-मुंबईच्या सल्ल्यात न येणारे एक कारण मराठवाड्यात फार मोठे आहे. मे महिन्यात परभणीचा पारा ४२-४३ अंशांवर रेंगाळतो. पत्र्याखालच्या खोलीत तो आणखी वर जातो. सगळे ज्याला 'सीपीयू' म्हणतात त्या डब्यातला खरा प्रोसेसर बोटाच्या दोन पेरांएवढा असतो आणि त्याची उष्णता बाहेर काढायला एक धातूचा सांगाडा आणि पंखा बसवलेला असतो. खोलीच जर चाळिशीच्या वर असेल तर पंखा गरम हवेनेच गरम धातू थंड करायचा प्रयत्न करतो. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचला की जळू नये म्हणून स्वतःच वेग उतरवतो. दुपारी रांगणारा संगणक सकाळी आठला बरा चालत असेल तर संशय उष्णतेवर घ्यावा.

काळ्या मातीची बारीक धूळ आणि कापसाच्या हंगामातला तंतू सांगाड्याच्या पट्ट्यांत बसून त्यावर गोधडी चढवतात. प्रोसेसर आणि सांगाडा यांच्यामधली उष्णतावाहक पेस्ट काही वर्षांत सुकते. उपाय साधा आहे: प्लग काढून डबा उघडणे, पंखा बोटाने धरून ब्लोअरने धूळ उडवणे, जुनी पेस्ट पुसून नवी लावणे आणि डबा जमिनीवरून उचलून भिंतीपासून वीतभर दूर ठेवणे. पंखा न धरता हवा मारली तर तो भरधाव फिरून बिघडू शकतो. वर्षातून दोनदा, होळीनंतर आणि दिवाळीपूर्वी, ही सफाई झाली तरी पुष्कळ.

विजेचेही तसेच. फाइल लिहिली जात असताना वीज गेली की ती अर्धवट राहते; प्रणालीची फाइल असेल तर संगणक पुढच्या वेळी सुरूच होत नाही. यूपीएस असतो, पण त्याची बॅटरी मेलेली असते. शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना साधारण निम्मे होते. त्यामुळे कंपनीने सांगितलेली वर्षे इथल्या उन्हाळ्यात मिळत नाहीत. अर्थिंग नीट नसेल तर डब्याला हात लावताच झिणझिण्या येतात. हा संगणकाच्या दुरुस्तीचा विषय नाही, आधी वायरमनला बोलावण्याचा आहे.

एक दोष हमखास चुकीच्या खात्यावर टाकला जातो. मदरबोर्डवर नाण्याएवढी तीन व्होल्टची बॅटरी असते. ती संपली की वीज जाऊन आल्यावर संगणकाचे घड्याळ अनेक वर्षे मागे जाते. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला मुदत असते. संगणकाच्या मते आज २०१२ साल असेल, तर ते प्रमाणपत्र त्याला खोटे वाटते आणि पान उघडत नाही. केंद्रात 'सर्व्हर डाऊन'चा बोभाटा होतो. औषध घड्याळाच्या दुकानात मिळणाऱ्या एका सेलएवढे असते.

सुरक्षेचे वय

इथपर्यंत संथपणाचे झाले. डबा स्वच्छ, एसएसडी नवी, रॅम पुरेशी; संगणक पळू लागला. पण त्यावर विंडोज १० किंवा त्याहून जुनी विंडोज ७ असेल तर दुसरा प्रश्न तसाच उरतो. विंडोज ७ चा पुरवठा जानेवारी २०२० मध्येच थांबला आणि क्रोम ब्राउझरनेही फेब्रुवारी २०२३ मध्ये तिची साथ सोडली.

सुरक्षा-पुरवठा थांबतो म्हणजे संगणक बंद पडतो असे नाही. घराच्या भिंतीत नवी फट सापडली की ती बुजवायला गवंडी येत नाही, एवढाच बदल होतो. फट सापडणाऱ्यांत चोरही असतात. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' हा खंडणीखोर प्रोग्रॅम सुमारे १५० देशांत पसरला. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत त्यामुळे रुग्णांच्या सुमारे १९ हजार भेटी रद्द झाल्याचा अंदाज तिथल्या लेखापरीक्षकांच्या अहवालात नोंदवला गेला. ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारी दुरुस्ती मार्चमध्येच आली होती. हजारो यंत्रांवर ती चढवलीच गेली नव्हती. पुढच्याच महिन्यात तीच फट वापरणाऱ्या 'नॉटपेट्या'ने मर्स्क कंपनीला गाठले आणि नवी मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या तिच्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. असे प्रोग्रॅम मोठा-छोटा पाहत नाहीत, उघडे दार पाहतात.

ग्रामीण सेवा केंद्राच्या संगणकात काय असते, याचा विचार केला की धोका कळतो. आधारच्या आणि पासबुकाच्या छायाप्रती, जमिनीचे उतारे, शेतकरी ओळख क्रमांकासाठी दिलेली माहिती, लोकांचे पासवर्ड. दवाखान्यात निक्षयसारख्या पोर्टलवर क्षयरुग्णांची नावे भरली जातात. घरी गाणी ऐकायचा संगणक आणि हा संगणक, दोन्ही सारख्याच वयाचे असले तरी त्यांचा न्याय एक असू शकत नाही.

विंडोज ११ साठी प्रोसेसर साधारण इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि 'सिक्युअर बूट' ही सोय लागते. मायक्रोसॉफ्टचा 'पीसी हेल्थ चेक' हा मोफत प्रोग्रॅम याचे उत्तर देतो. २०१८ नंतर घेतलेला संगणक नापास ठरला तर लगेच हार मानू नये. अनेक मदरबोर्डांवर टीपीएमची सोय असते, पण बायोसमध्ये ती बंद ठेवलेली असते. चालू केली की तोच संगणक पास होतो.

खरोखर नापास झालेल्यांसाठी काही मुदतवाढ आहे. घरगुती वापरकर्त्याला मायक्रोसॉफ्टचे खाते जोडून आणि सेटिंगची प्रत तिथे ठेवून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या विनाशुल्क घेता येतात. व्यवसाय व कार्यालयांना तीन वर्षांपर्यंत मुदतवाढ विकत मिळते. पहिल्या वर्षाचा दर प्रति संगणक ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट, म्हणजे जुन्या यंत्रावर हा खर्च अंगावर येणारा. शिक्षणसंस्थांसाठी मात्र तोच दर पहिल्या वर्षी १ डॉलर, मग २ आणि मग ४ आहे. संगणक कक्ष असलेल्या शाळा-महाविद्यालयांनी याची चौकशी परवानाधारक विक्रेत्याकडे करण्यासारखी आहे.

बाजारात आणखी दोन वाटा दाखवल्या जातात. एक, अटी चुकवून जुन्या यंत्रावर विंडोज ११ घालणे. ती चालते, पण अशा यंत्राला पुढचे अपडेट मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि २०२४ ची आवृत्ती फार जुन्या प्रोसेसरवर सुरूच होत नाही. दुसरी वाट म्हणजे 'क्रॅक' घातलेली फुकट प्रणाली. कुलूप फोडणारा प्रोग्रॅम चालवायला अँटिव्हायरस बंद करावा लागतो, यातच त्याची ओळख पटते. लोकांची कागदपत्रे जिथे असतात तिथे ही वाट पूर्ण वर्ज्य.

जर्मनीतून परभणीपर्यंत

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असे इथे अभिमानाने म्हटले जाते. त्या जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याने एप्रिल २०२४ मध्ये सरकारी कामाचे सुमारे ३० हजार संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर नेण्याचा निर्णय जाहीर केला. इतके लांब जायचे नसेल तर केरळ आहे. तिथल्या सरकारी शाळा कित्येक वर्षे लिनक्सवरच संगणक शिकवतात. सीडॅकने 'बॉस' नावाची भारतीय लिनक्स आवृत्तीही तयार केली आहे.

लिनक्स मिंटसारखी प्रणाली २ जीबी रॅमवर सुरू होते, ४ जीबीवर बरी चालते आणि तिच्या सुरक्षा-दुरुस्त्या मोफत येत राहतात. युनिकोड मराठी टंकलेखन, लिब्रे ऑफिस, ब्राउझर, पीडीएफ हे सगळे तिच्यात आहे. शाळेचा संगणक कक्ष, वाचनालय, स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका किंवा घरच्या मुलांचा अभ्यास यांसाठी एसएसडी घातलेल्या जुन्या यंत्रावर ही प्रणाली पुरेशी आहे. पेन ड्राइव्हवरून आधी चालवून पाहता येते, आवडली तरच घालावी.

अडचणीही खऱ्या आहेत. अंगठा घेणारी यंत्रे आणि डिजिटल सहीची टोकन यांचे सॉफ्टवेअर प्रामुख्याने विंडोजसाठी केलेले असते. सेवा केंद्राचा मुख्य संगणक म्हणून लिनक्स आज चालेलच असे सांगता येत नाही. दुसरी अडचण खास मराठी आहे. वीस-पंचवीस वर्षे कार्यालये, छापखाने आणि वर्तमानपत्रे श्रीलिपी किंवा आयएसएमच्या फॉन्टांत मजकूर टाइप करत आली. तो युनिकोड नसल्याने दुसऱ्या यंत्रावर अनाकलनीय अक्षरे होऊन उघडतो. जुना संगणक टाकण्यापूर्वी अशा फायली युनिकोडमध्ये बदलून न ठेवल्यास त्या जिवंत असूनही वाचता येणार नाहीत. विंडोज ११ वर गेले तरी हे काम चुकत नाही.

भंगार कुठे जाते?

दुरुस्तीचा हिशेब फक्त पैशांचा नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या विद्यापीठाने २००४ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार त्या काळचा एक डेस्कटॉप आणि १७ इंची मॉनिटर बनवायला किमान २४० किलो खनिज इंधन, २२ किलो रसायने आणि दीड टन पाणी लागत असे. यंत्र आणखी चार वर्षे वापरले की हा खर्च चार वर्षे पुढे जातो.

दुसरा हिशेब तब्येतीचा आहे. जगात २०२२ मध्ये ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के नोंद ठेवून, रीतसर पुनर्वापरात गेला. उरलेल्याचा मोठा भाग भंगाराच्या ढिगांत उतरतो. तिथे तांब्यासाठी वायर जाळल्या जातात; त्यांच्या प्लास्टिकच्या धुरातून डायॉक्सिन बाहेर पडते. जुन्या काचेच्या मॉनिटरमध्ये शिसे असते, आधीच्या सपाट पडद्यांच्या दिव्यांत पारा असतो. शिशाची कोणतीही मात्रा मुलांसाठी सुरक्षित मानता येत नाही. ते वाढत्या मेंदूवर परिणाम करते. अनौपचारिक कचरा-उद्योगाशी जोडलेल्या १.८ कोटींहून अधिक मुला-किशोरांना आणि १.२९ कोटी स्त्रियांना अशा विषारी घटकांचा धोका असू शकतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या अहवालात म्हटले होते. ज्याच्या हातगाड्यावर जुना मॉनिटर जातो, त्याच्या घरातही लेकरे असतात.

१ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनी उत्पादकांवर कचऱ्याची जबाबदारी टाकली आहे आणि दुरुस्त करून आयुष्य वाढवण्यालाही मान्यता दिली आहे. नोंदणीकृत पुनर्वापरकर्त्यांची यादी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे असते. यंत्र देण्यापूर्वी डिस्क काढून ठेवावी. 'डिलीट' केल्याने फाइलचे नाव जाते, मजकूर डिस्कवर राहतो आणि साध्या प्रोग्रॅमने परत मिळतो. हार्ड डिस्क पूर्ण पुसून टाकावी किंवा भोके पाडून निकामी करावी. एसएसडीसाठी तिच्या कंपनीची पुसण्याची सोय वापरावी. गावाच्या आधार-प्रती भंगारात विकल्या जाणे हा संगणक संथ असण्यापेक्षा मोठा अपघात आहे.

डेडस्टॉकमधला निर्णय

कार्यालयात संगणक हा डेडस्टॉक रजिस्टरमधला एक क्रमांक असतो. तो एक तर 'चालू' असतो किंवा निर्लेखनाच्या यादीत. मधली अवस्था रजिस्टरला ठाऊक नाही. नव्या खरेदीसाठी निधी मिळतो. एसएसडी, पेस्ट आणि नाण्याएवढ्या सेलसाठी किरकोळ खर्च मंजूर करून घेणे अनेकदा जास्त कटकटीचे ठरते. त्यामुळे दहा संगणक कपड्याखाली झाकून ठेवले जातात आणि अकरावा नवा येतो. तोही दोन उन्हाळ्यांत धुळीने भरतो.

वयाऐवजी कामावरून यंत्रांची वाटणी केली तर हे सुटू शकते. लोकांची कागदपत्रे, पैसे किंवा रुग्णांच्या नोंदी जिथे हाताळल्या जातात, तिथे सुरक्षा-पुरवठा चालू असलेलेच यंत्र हवे. नवा संगणक घेण्यासाठी पैसे असतील तर ते याच टेबलावर खर्च व्हावेत. तिथून निघालेले जुने यंत्र साफ करून, एसएसडी व मुक्त प्रणाली घालून शाळेत किंवा अभ्यासिकेत जाऊ शकते. इंटरनेटची गरज नसलेले काम, जसे फक्त छपाई किंवा जुन्या फॉन्टांच्या फायली उघडणे, नेटची वायर काढून जुन्या विंडोजवरही चालू ठेवता येते. पेन ड्राइव्ह मात्र तपासूनच लावावा. आणि जे यंत्र डीडीआर २ च्या काळातले आहे, ज्याच्या मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगले आहेत, त्यावर पैसे घालू नयेत. त्याला रीतसर निरोप द्यावा.

एवढ्या तपासणीला एका यंत्रामागे तासभर पुरतो. आयटीआय आणि तंत्रनिकेतनातल्या विद्यार्थ्यांच्या हाताला त्यातून खरे काम मिळू शकते आणि तालुक्याच्या ठिकाणच्या दुरुस्ती-दुकानांनाही. पावसाळ्याआधी गावात नालेसफाई होते. तशीच उन्हाळ्याआधी ही सफाई झाली, तर पुढच्या वेळी केंद्रात गेलेल्या मामांना थांबावे लागलेच तरी ते सर्व्हरसाठी असेल, डब्यातल्या धुळीसाठी नाही.